पाण्याखालची शिदोरी

श्रोतेहो, विहिरीत बुडी मारणारा पोरगा दम संपला की वर येतो. पण अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात चुनखडीच्या खडकात पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. तिथे पाणबुड्याच्या डोक्यावर खडकाचे छत; सरळ वर यायची सोयच नाही. मग तो आपले सामान कसे निवडतो?

पहिला नियम असा, की ज्याच्यावाचून जीव जाईल ते एकच घ्यायचे नाही. म्हणून पाठीवर हवेचे दोन सिलिंडर, त्यांना जोडणारी नळी आणि मधे एक झडप. एका बाजूची हवा गळू लागली, तर झडप बंद करून दुसऱ्या बाजूची वाचवता येते. तोंडात धरून श्वास घ्यायची यंत्रेही दोन. दिवे तीन.

दुसरा नियम वाटणीचा. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेली संकटासाठी राखीव.

आता मांडणीतली खुबी पाहा. एका यंत्राची नळी सुमारे 7 फूट लांब असते. पाणबुड्या स्वतः त्यातूनच श्वास घेतो. सोबत्याची हवा संपली, की तोंडातले तेच यंत्र काढून त्याला देतो आणि गळ्यात अडकवलेले दुसरे आपण घेतो. कारण तोंडातले यंत्र चालते आहे, याची खात्री असते. शिवाय नळी लांब, म्हणून अरुंद वाटेतून दोघे एकामागे एक बाहेर पडू शकतात.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढेच सांगा : बुडत्याला ऐनवेळी काही सुचत नाही. सुचायचे ते काठावरच, सामान बांधताना सुचले पाहिजे.