हरवलेले गाव आणि कुळाचा शोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



जयसिंगपूर हे बाहेरून आलेल्या माणसांचे गाव आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ या लोहमार्गालगत ही व्यापारपेठ आखून वसविली. सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या आखणीची साक्ष देतात. याचा अर्थ असा की, येथे नांदणाऱ्या प्रत्येक जुन्या कुटुंबाला आणखी एक गाव आहे. कोणाचे शिरोळ-हातकणंगले तालुक्यांत, कोणाचे वाळवा-मिरजेकडे, तर कोणाचे चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरीच्या बाजूला.

पहिली पिढी गाव सोडून पेठेत आली, तरी तिचा जीव गावातच होता. दुसरी पिढी लग्नकार्याला आणि बस्तीच्या पूजेला गावी जात राहिली. तिसऱ्या पिढीला गावाचे नाव आणि दोन-चार भाऊबंदांची घरे माहीत होती. चौथ्या पिढीसाठी ‘मूळ गाव’ हा अर्जावरचा एक रकाना उरला आहे. पाचव्या पिढीत तो रकानाही कोरा राहील काय, हा या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

काही कुटुंबांच्या बाबतीत तर परत जाण्याजोगे गावच उरलेले नाही. जुन्या महसुली दप्तरांत ओसाड पडलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणत. शब्द फारसी आहे. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख. दुष्काळ, रोगराई, लुटालूट किंवा पाण्याची ददात यांमुळे वस्ती उठे आणि शेते शेजारच्या गावचे लोक कसू लागत. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगेच्या काठी पुराच्या भयाने वस्तीच्या जागा बदलल्या. हरवण्याचा तिसरा प्रकार अधिक शांतपणे घडतो. गाव जागेवर असते, शाळा भरते, ऊस डोलतो. मात्र तेथील जैनांचे शेवटचे घर शहराकडे गेलेले असते आणि बस्तीच्या पूजेसाठी शेजारच्या गावाहून उपाध्ये येतात. नकाशावर असे गाव हरवलेले दिसत नाही. पण त्या कुळापुरते ते हरवलेले असते.

अशा वेळी कुळाचा इतिहास कसा शोधावा? सामान्यतः शोध घेणारा पणजोबांच्या नावापासून आरंभ करतो आणि दोन पायऱ्यांवर अडकतो. आधी गाव शोधावे, गावाचा परिसर समजून घ्यावा. माणसे त्यातूनच सापडतात, हेच आजच्या विवेचनाचे सार आहे.

याचे एक उदाहरण जयसिंगपूरच्याच लोहमार्गावर, कोल्हापूरच्या अलीकडे, वळिवडे येथे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील त्यांच्या घरांतून त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. १९४१ च्या करारानंतर सुटका होऊन ते इराणमार्गे भारतात आले. वळिवड्यात त्यांच्या शाळा, प्रार्थनामंदिर आणि रुग्णालय होते. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्या जागी गांधीनगर उभे केले. पोलिश माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि पोलंड येथे पांगली. महायुद्धानंतर सीमा बदलल्यामुळे त्यांची मूळ गावे आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया या देशांत आहेत. म्हणजे या लोकांची गावे दोनदा हरवली.

तरीही त्यांचा इतिहास हरवला नाही. भारतात वाढलेल्या त्या मुलांनी प्रौढपणी एकमेकांचा शोध घेतला, संघटना स्थापन केली, आठवणी आणि कागदपत्रे शेजारीशेजारी ठेवून मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो २००० साली पोलिश भाषेत आणि २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या आप्तांची थडगी आहेत, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या वसाहतीत बालपण घालविलेली वृद्ध माणसे कोल्हापूरला पुन्हा येऊन गेली. जी वसाहत जेमतेम पाच वर्षे टिकली तिचा ग्रंथ होऊ शकतो. मग ज्या गावांत जैन कुळे शतकानुशतके नांदली, त्या गावांची साधी वहीही का असू नये? पोलिश मंडळींनी हे काम साक्षीदार हयात असताना केले, यातच त्याचे उत्तर आहे.

परिसराची साक्ष अनेक ठिकाणी विखुरलेली असते. पहिली साक्ष जमिनीची. जुन्या भाषेत गावाचे दोन भाग: काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्ती उठली तरी पांढरीची राखट माती, खापऱ्यांचे तुकडे आणि जुनी विहीर राहते. शेतांच्या नावांतही इतिहास दडलेला असतो. एखाद्या तुकड्याला लोक अजून ‘बस्तीचे शेत’ म्हणत असतील, तर तेथे बस्ती का नाही, हे विचारावे. भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशा आणि मोजणीची टिपणे, तहसिलातील जुने फेरफार आणि इनामाची पत्रके यांतून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे उलगडते. पाटीलकीसारख्या वतनांचा वारसा सिद्ध करावा लागत असल्याने त्या कागदांत अनेकदा वंशावळच जोडलेली असते.

दुसरी साक्ष दप्तराची. मात्र दप्तर कोठे शोधायचे, हे गाव पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते यावर ठरते. हा सारा मुलूख कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशा संस्थानांत आणि इंग्रजी अमलाखालील बेळगाव जिल्ह्यात विभागलेला होता. रायबागचेच पाहा. हा भाग कोल्हापूर संस्थानात होता. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, रायबाग बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे रायबागकडील कुटुंबाला संस्थानकाळातील कागदांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे आणि नंतरच्या नोंदींसाठी बेळगावकडे वळावे लागते. एका कागदाची लिपी मोडी, दुसऱ्याची कन्नड. शिवाय शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले. त्यापूर्वीचे गावदप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असे. म्हणून काही जुने रुमाल सरकारी कपाटात नसून एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असण्याचा संभव असतो.

शाळेचे जनरल रजिस्टर हाही मोठा आधार आहे. कोल्हापूर संस्थानात १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यास आरंभ झाला. त्यानंतरच्या नोंदींत मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. जन्ममृत्यूच्या नोंदी ज्यात होत, ते कोतवाल बुकही पाहावे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतील असे जुने दप्तर उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांना जाणवली. आपल्या समाजातील चार तरुणांनी मोडी व जुने कन्नड शिकून घेतले, तर अनेक घरांतील बंद पेट्या बोलू लागतील.

तिसरी साक्ष दगड आणि धातूची. मूर्तीच्या पीठावरील लेखात शक, संवत्सर, गण-गच्छ आणि प्रतिष्ठा करविणाऱ्याचे नाव असते. शकात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. व्रतपूर्वक देह ठेवणाऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निषिधी शिळा शेताच्या बांधावर किंवा बस्तीच्या आवारात दुर्लक्षित पडलेल्या आढळतात. कागलजवळच्या बामणी येथील बाराव्या शतकातील शिलालेखात, शिलाहार राजा विजयादित्य याच्या काळी पार्श्वनाथ बस्तीला दिलेल्या दानाची नोंद आहे. एका खेड्यातील श्रद्धा साडेआठशे वर्षांनंतर वाचता येते, ती दगडावर कोरली म्हणून. हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटीही लिहिणाऱ्याचे आणि शास्त्रदान करणाऱ्याचे नाव येते. सदलग्याचे सुपुत्र डॉ. आ. ने. उपाध्ये (१९०६-१९७५) यांनी आपले आयुष्य अशाच पोथ्यांच्या अभ्यासाला वाहिले. मात्र येथे एक सावधानता हवी. वस्ती उठते तेव्हा मूर्तीही स्थलांतर करतात. ज्या बस्तीत मूर्ती आज आहे, त्याच गावी ती प्रतिष्ठित झाली असे गृहीत धरू नये.

चौथी साक्ष माणसांची. या भागातील घरांना हेळवी परिचित आहेत. पूर्वी बैलावर बसून दारोदार येणारे हे वंशावळीचे जाणकार कुळाचे नाव, मूळ ठिकाण आणि पिढ्या सांगत; त्यांच्याकडे वह्याही असतात. हेळवी दारी आला तर त्याला दोन पायल्या धान्य घालून वाटेला लावू नये. त्याला बसवावे, ऐकावे आणि लिहून घ्यावे. गावातील इतर समाजांच्या वृद्धांनाही विचारावे. जैन घर उठून गेले तरी शेजारचा शेतकरी, सुतार, गुरव त्या घराच्या आठवणी सांगू शकतो. गाव एका समाजाचे नसते. म्हणून एका समाजाचा इतिहासही त्याच्या एकट्याकडे नसतो.

आणि स्त्रियांचे काय? वंशावळीच्या कागदावर त्यांची नावे बहुधा नसतात. पण पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत होती, ती विसरल्यास संशोधन वाट चुकते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज भोजच्या पाटील घराण्यातील; पण १८७२ मध्ये त्यांचा जन्म येळगूळ येथे, आजोळी झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे. जन्म मात्र १८८७ मध्ये कुंभोजला, आजोळीच. जन्मगाव वेगळे दिसले तर तेथे चूक नसते. तेथे एका मातेचे माहेर असते. आजी-पणजींच्या माहेरांची गावे जोडली की कुळाच्या सोयरिकींचा सारा नकाशा उभा राहतो.

या साक्षी परस्परविरोधी निघाल्या तर गोंधळून जाऊ नये. एका वस्तूला अनेक बाजू असतात, ही शिकवण अनेकांताने दिलीच आहे. कागद काय म्हणतो, हेळवी काय म्हणतो, आजी काय म्हणते, हे तिन्ही वेगवेगळे लिहावे आणि कोणी सांगितले, कधी सांगितले, याची नोंद करावी. नामवंत पूर्वज मिळविण्यासाठी दुवे जुळवू नयेत. कुळ मोठे ठरविण्यासाठी केलेला शोध अहंकार वाढवितो. खरे समजून घेण्यासाठी केलेला शोध नम्र करतो.

काळ मात्र थांबणारा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या घरांमध्ये पाणी शिरले. धान्य आणि भांडीकुंडी पुन्हा घेता आली. भिजून लगदा झालेली पेटीतली कागदे पुन्हा मिळणार नाहीत. आणि ज्यांनी जुने गाव स्वतः पाहिले, ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्यापैकी एक व्यक्ती जाते, तेव्हा त्या घरातले एक दप्तर कायमचे बंद होते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक छोटे कार्य हाती घेणे उचित होईल. ट्रस्टच्या आरंभीच्या देणगी पावत्या, सभासद यादी आणि इतिवृत्ते यांत दात्याच्या नावापुढे गावाचे नाव आढळल्यास त्याची स्वतंत्र सूची करावी. प्रत्येक घराने एक वही घालावी: मूळ गाव व तालुका, गाव सोडल्याचे वर्ष आणि कारण, बस्तीचे मूलनायक, शेताची व विहिरीची नावे, भाऊबंद कोठे आहेत, चार पिढ्यांतील स्त्रियांची नावे आणि त्यांची माहेरे. घरातील कागदांची छायाचित्रे काढून एक प्रत अन्यत्र ठेवावी. सुटीच्या दिवशी आजोबांना घेऊन त्या गावी जावे आणि ते बोट दाखवितील त्या जागेची नोंद करावी. बेचिराख गावात पुन्हा वस्ती होणार नाही. पण तेथे कोण राहत होते, हे सांगणारी एक वही प्रत्येक घरात राहू शकते. तेवढे जरी घडले, तरी पुढच्या पिढीच्या अर्जावर ‘मूळ गाव’ हा रकाना कोरा राहणार नाही.

जय जिनेंद्र.