दूरध्वनीच्या तारेवरचा ताळा



पुनावळ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. दिवाळीची आवराआवर करताना त्यांच्या कपाटातून एक काळी पेटी निघाली. पुस्तकाएवढी, पुढे बारीक दिव्यांची रांग आणि मागे दूरध्वनीची तार जोडायची जागा. नात म्हणाली, "आजोबा, हे काय?" मास्तर म्हणाले, "हा मोडेम. याच्यामार्फत आमचा संगणक फोनवरून बोलायचा." नातीनं लगेच विचारलं, "पण फोन खरखरला तर? चुकीचंच ऐकू जायचं की!"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. आज त्याचेच उत्तर आपण पाहू.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या काळी घरून तिथवर पोहोचायचे ते दूरध्वनीच्या साध्या तारेवरूनच. अशा तारेवर शहरांनीच नव्हे, तर खेड्यांनीही भिस्त ठेवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर येथे १९९८ साली एक प्रकल्प सुरू झाला. आसपासच्या सुमारे सत्तर गावांतील केंद्रांवर संगणक ठेवून, ऊस-उत्पादकांची माहिती दूरध्वनीच्या मार्गाने साखर कारखान्याशी जोडण्याची ती योजना होती. आता विचार करा. गावाहून उसाचे वजन जायचे आहे ९ टन ४०० किलो, आणि पलीकडे पोहोचले १ टन ४०० किलो, तर शेतकऱ्याने काय करायचे?

ही भीती काल्पनिक नाही, बरे का. संगणक प्रत्येक अक्षर आणि आकडा एक आणि शून्य यांच्या आठ खुणांनी लिहितो. १ हा आकडा तो लिहितो ००११०००१, आणि ९ लिहितो ००१११००१. नीट पाहा, दोहोंत फरक केवळ एका खुणेचा आहे. तारेवर क्षणभर खट् झाले, की आठ टन ऊस गडप!

आता या खुणा तारेवरून जातात कशा? दूरध्वनीची वाट माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. सेकंदाला साधारण ३०० ते ३,४०० कंपने असलेला आवाजच तिच्यातून धड जातो. म्हणून मोडेम खुणांचे सूर करतो. सेकंदाला ३०० खुणा पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीत फोन लावणारा मोडेम 'एक'साठी ९८० कंपनांचा आणि 'शून्य'साठी १,१८० कंपनांचा सूर काढी. फोन घेणाऱ्याचे सूर वेगळे, १,६५० आणि १,८५०. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नसे. पुढे सुराचा जोर आणि त्याच्या लाटेची अवस्था असे दोन्ही बदलून एकेका बदलात अनेक खुणा बसवण्याची युक्ती निघाली. १९९६ पर्यंत वेग सेकंदाला ३३,६०० खुणांवर गेला. जोडणी होताना जो किंचाळल्यासारखा आवाज येई, ती या दोन पेट्यांची बोलणी असत. तार कशी आहे, किती वेग झेपेल, हे त्या आधी ठरवून घेत. मध्येच तार बिघडली तर वेग कमी करीत.

पण वेग वाढला म्हणून चूक टळत नाही, उलट वाढते. त्यावर उपाय कोणता? शिक्षकबंधूंनो, तो तुमच्याच फळ्यावरचा आहे. गुणाकाराचा ताळा आपण कसा पाहतो? २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ चीही ५. पाच पाचे २५, दोन आणि पाच ७. उत्तराच्या अंकांची बेरीजही ७. ताळा जमला. हा ताळा म्हणजे नवाने भागून उरलेली बाकीच होय. मोडेमही तेच करतो. १९८८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे तो मजकुराचे लहान लहान खंड पाडतो, प्रत्येकाला क्रमांक देतो, खंडाला एका ठरलेल्या भाजकाने भागतो आणि बाकी शेवटी जोडून देतो. पलीकडचा मोडेम तोच भागाकार पुन्हा करतो. बाकी जुळली तर 'पोच' देतो. जुळली नाही, तर तो खंड पुन्हा मागवतो.

आपला नवाचा ताळा २१ चे १२ झाले तर फसतो. मोडेमचा भाजक त्याहून काटेकोर असतो. लागोपाठच्या सोळा खुणांच्या टप्प्यात झालेली कोणतीही चूक त्याच्या हातून सुटत नाही.

कोणी म्हणेल, दर खंडाची पोच घेत बसले तर वेळ किती जाईल! म्हणून मोडेम पोच येईपर्यंत हात जोडून बसत नाही. एकामागून एक पंधरा खंडांपर्यंत पाठवतो. पोच मागाहून येत राहते. शिवाय आधीच्या साध्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला आरंभाची एक आणि शेवटाची एक अशा दोन जादा खुणा लागत. अक्षरे खंडात बांधल्यावर त्यांची गरज उरली नाही. दहाऐवजी आठ खुणा, म्हणजे भाडे पाचव्या हिश्श्याने वाचले.

त्यानंतर आणखी एक युक्ती आली. तेच ते शब्द वारंवार आले, की दोन्ही मोडेम त्यांची सारखीच यादी करतात आणि पूर्ण शब्दाऐवजी यादीतला क्रमांक पाठवतात. मजकूर साधा असेल तर तो कधी कधी चौपट वेगाने जाई. पण इथे एक मेख आहे. वाटेत एक खूण जरी चुकली, तरी दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या होतील आणि पुढचे सारे गणित फिसकटेल. म्हणून ही काटकसर खुशाल करता येते ती ताळा आणि पोच पक्की असल्यावरच. आधी विश्वास, मग वेग.

आज पुनावळ्यात उंच इमारती झाल्या, हाताहातांत फोन आले, आणि मास्तरांची पेटी कपाटातच राहिली. पण तुम्ही फोनवरून दुकानदाराला पैसे देता, तेव्हाही आकड्यांबरोबर ताळा जातो आणि मागे पोच येते. माल बदलला, रीत तीच राहिली.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. एका मुलाने चिठ्ठीवर एक संख्या आणि तिचा ताळा लिहावा. चिठ्ठी रांगेतून जाताना मधल्या एकाने गुपचूप एखादा अंक बदलावा. शेवटच्या मुलाने ताळा पाहून 'पोचली' म्हणावे, किंवा 'पुन्हा पाठव' म्हणावे. मुलांना एक गोष्ट आपोआप उमजेल. पुन्हा विचारणे हा कमीपणा नव्हे. खरखरत्या तारेवरही खरे बोलणे पोहोचते, ते पुन्हा विचारण्याची सोय ठेवली म्हणूनच.