काटकुळ्या अंगातील चरबी



“त्याला कसला मधुमेह? अंगावर मूठभर मांस नाही!” असे आपण सहज बोलून जातो. मधुमेह हा पोट सुटलेल्या माणसाचा रोग, अशी आपली समजूत. पण ती अर्धीच खरी आहे.

1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी पुष्कळच उणी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली! 2004 साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी तर स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

चरबी असली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. चरबी म्हणजे कणगीत भरलेले धान नव्हे. ती जिवंत आहे. शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच एकच असतो. पण कोणती जनुके जागी आणि कोणती निजलेली, हे जागोजागी निराळे. चरबीच्या निरोगी पेशीतील एक जनुक ॲडिपोनेक्टिन नावाचे द्रव्य तयार करवते. ते इन्सुलिनच्या कामाला हातभार लावते. पेशी फार फुगल्या की हे जनुक मंदावते, दाह वाढविणारी जनुके जागी होतात आणि इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो.

आपला मामा तलाव डोळ्यांपुढे आणा. पाळ मजबूत, तोवर पाणी तलावात. पाळ झिरपली की ते नको त्या बांधीत शिरते. तशीच चरबी रक्तावाटे यकृतात व स्नायूंत उतरते. तेथेही इन्सुलिनचे चालत नाही. स्वादुपिंड जादा इन्सुलिन काढून काही वर्षे निभावते. ते थकले की रक्तात साखर वाढते.

मग करावे काय? नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत लावा. पुरुषाची 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरपर्यंत गेली, की सावध व्हावे. घरात कोणाला मधुमेह असेल, तर सडपातळ माणसानेही रक्त तपासून घ्यावे. रोज चाला, राबणारा स्नायू रक्तातील साखर आपणहून ओढून घेतो.

आणि गुरुजनहो, एक गोष्ट तुमच्याकडे मागतो. बाळाच्या अंगाची घडण आईच्या पोटात सुरू होते. तुमच्या वर्गातल्या मुली उद्याच्या आया आहेत. त्यांच्या ताटात भाताबरोबर डाळ, भाजी, दूध, अंडे पडते की नाही, याची चौकशी करीत जा.