दूरच्या संगणकावरील दुरुस्ती आणि तिची शिस्त



सूचीतील एखादे कार्ड दुरुस्त करायचे, तर एके काळी लाकडी खणापाशी जावे लागे. आज अनेक ग्रंथालयांची सूची दूरच्या सर्व्हरवर असते आणि दुरुस्ती करणारा आपल्या मेजावरील संगणकापुढे बसलेला असतो. हे अंतर कापण्याच्या मुख्य रीती दोन आहेत.

पहिली, फाइलची प्रत इकडे आणून, दुरुस्त करून परत पाठवण्याची. त्यासाठीच्या ‘एफटीपी’ या संकेताचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. दुसरी रीत, तिकडच्याच संगणकावरील संपादक-प्रणाली इथून चालवण्याची. १९७६ मध्ये बर्कलीत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ रचली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे येत. म्हणूनच तिच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत.

जुन्या संकेतांत परवलीचा शब्दही उघडाच प्रवास करी. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी सारा व्यवहार गूढलिपीत नेणारी ‘एसएसएच’ प्रणाली सिद्ध केली.

चोर अडला, तरी घरचा धोका उरतोच. दोन सेवक एकाच सूचीच्या प्रती सकाळी आपापल्या संगणकावर घेतात. पहिला एका लेखकाचे नाव सुधारून फाइल परत ठेवतो. दुसरा सायंकाळी आपली प्रत तिच्यावर ठेवतो. पहिल्याची दुरुस्ती नाहीशी होते, आणि यंत्र अवाक्षर काढीत नाही. देवनागरीचे संकट आणखी वेगळे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. फाइल भलत्याच संकेतात उघडून तशीच जतन केली, तर नावांच्या जागी निरर्थक खुणा उरतात.

उपाय साधे आहेत. दुरुस्तीपूर्वी तारीख घालून मूळ प्रत वेगळी ठेवावी. एका वेळी एकाच हाताने लिहावे. नवी फाइल प्रथम वेगळ्या नावाने पाठवावी आणि ती पूर्ण पोचल्यावरच जुनीच्या जागी बसवावी. मध्येच संपर्क तुटला, तरी मूळ फाइल शाबूत राहते.

दाखल नोंदवहीत चुकलेला आकडा खरवडून काढीत नाहीत; त्यावर एक रेघ मारून शेजारी सही करतात. जुना आकडा वाचता येतो आणि बदल कोणी केला तेही कळते. सूचीचे स्थान बदलले, तरी हा दंडक बदलण्याचे कारण नाही.