बासष्टचा अहवाल आणि चार शिक्के

लष्करी कागद गुप्त ठरतो तो त्यावर उमटलेल्या शिक्क्याने. भारतात असे शिक्के चार: टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. मजकूर फुटला तर देशाचे किती नुकसान होईल, यावर शिक्का ठरतो. शिक्का जितका वरचा, तितके तो कागद वाचू शकणारे कमी. आणि नुसता हुद्दा पुरत नाही, त्या कामाशी संबंधही असावा लागतो. यामागचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम. संरक्षणाशी निगडित हेरगिरीला त्यात चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. चार शिक्क्यांची व्याख्या मात्र नाही.

शिक्क्याची ताकद कळते ती एका अहवालावरून. १९६२च्या चीनविरुद्धच्या युद्धातल्या पराभवानंतर लष्कराने चौकशी नेमली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत, हे दोघेच चौकशी अधिकारी. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत सुरुंग काढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी. असा माणूस पराभवाची कारणे शोधतो, तेव्हा ती वाचावीशी वाटणारच. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत, सारे त्यांनी तपासले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९६३च्या सप्टेंबरात संसदेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला. गोषवाराच, अहवाल नव्हे. त्यावरचा टॉप सिक्रेट शिक्का तसाच राहिला. २०१०मध्येही संसदेत उत्तर आले की मजकूर संवेदनशील आहे आणि लष्करी कारवाईच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे. पुढे २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर खुला केला. म्हणजे जग वाचते आहे आणि सरकारदप्तरी कागद गुप्तच आहे.

माहिती अधिकाराच्या कायद्याची वाटही इथे अरुंद होते. वीस वर्षांनी बरीच माहिती खुली करावी लागते, पण देशाच्या सुरक्षेला बाध आणणारी माहिती त्यातून वगळलेली आहे. सार्वजनिक अभिलेखांचा १९९३चा कायदा आहे. त्याच्या आधारे संरक्षण मंत्रालयाने २०२१मध्ये धोरण आखले: युद्धाची कागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांत खुली करावीत, आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा. धोरण चांगलेच आहे, पण बासष्टला साठाहून अधिक वर्षे उलटली. त्या युद्धात बर्फात लढलेले जवान आता थोडेच उरले आहेत, आणि कागद उघडेपर्यंत त्यांची साक्ष हरवत जाते, हे नुकसान शिक्क्याच्या हिशेबात कुठेच धरलेले नाही. जुन्या युद्धांचे कागद मात्र या धोरणानेही आपोआप खुले होत नाहीत; प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते.