डाव निवडायचा कसा, बघायचा कसा



ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणारी मुलंमुली आता पुण्या-मुंबईत चांगलीच दिसू लागली आहेत. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्ग मिळतो. उरलेल्या दिवसांत ती मोबाइलवर डाव बघतात. ‘सर, कोणाचा व्हिडिओ घेऊ?’ हा प्रश्न मला वर्गात सतत ऐकू येतो. चार नावं सांगून मोकळं होता येईल, पण त्याने विचारणाऱ्याचं भलं होत नाही. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा सावकाश बघू.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलें शहरात स्थिरावला. त्याच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसीपर्यंत आली आणि कार्लोस व त्याचा धाकटा भाऊ एलिओ यांनी ती रिओमध्ये वाढवली. जगाचं लक्ष मात्र वेधलं ते १२ नोव्हेंबर १९९३ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंची स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि एलिओचा मुलगा रॉयस याने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणलं. तो अंगाने किरकोळ होता. त्याचं बळ जमिनीवरच्या पकडीत होतं.

आपल्या कुस्तीपेक्षा या खेळाचा हिशेब वेगळा आहे. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस दोन्ही पाय समोरच्याच्या अंगाभोवती लावून तिथूनच लढतो. त्या स्थितीला गार्ड म्हणतात. आणि चितपट टाळायला आपला मल्ल जे पोटावर वळतो, ते इथे महागात पडतं. पाठ उघडी पडते, मागचा माणूस पाय आत घालून कंबर धरतो, त्याचे चार गुण होतात आणि पुढच्या क्षणी त्याचा हात गळ्याखाली असतो. तालमीतून आलेल्या पोरांना मी ही सवय मोडताना पाहतो, तेव्हा त्यांच्यासाठी कोणता व्हिडिओ योग्य हे आपोआप ठरतं. पट काढायला त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. त्यांनी आधी बघायचं ते खाली सापडल्यावर पाठ न देता कसं सुटायचं, हे. शेजारीच उभा असलेला, कधी मातीत न उतरलेला संगणक अभियंता मात्र उभ्याने कुणाला खाली आणू शकत नाही. त्याची गरज नेमकी उलटी. दोघांनी एकच लोकप्रिय व्हिडिओ विकत घेतला, तर निदान एकाचे पैसे वाया जाणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्हिडिओ निवडायची सुरुवात दुकानातून करू नये, मॅटवरून करावी. गेल्या महिन्यात तुम्ही कुठे अडकलात? कोणत्या स्थितीत पुन्हा पुन्हा टॅप करून, म्हणजे हाताने थोपटून, शरण जावं लागलं? हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘माझा गार्ड कच्चा आहे’ हे अजून वाक्य झालं नाही. ‘समोरचा माझा गुडघा जमिनीला दाबून पलीकडे सरकतो तेव्हा माझ्या कमरेला हलायला जागा उरत नाही’ हे झालं. असा प्रश्न हातात असेल तर आठ तासांच्या व्हिडिओतली वीस मिनिटं पुरतात. नसेल तर आठही तास डोळ्यांसमोरून वाहून जातात.

एक उदाहरण जवळून बघू. साइड कंट्रोल म्हणजे समोरचा आपल्या छातीवर आडवा पडलेला. त्यातून सुटायचा सरधोपट व्हिडिओ असा असतो: जोडीदार शांत पडून आहे, शिकवणारा एक हात त्याच्या गळ्याशी लावतो, दुसरा कमरेशी, कंबर मागे सरकवतो, गुडघा आत घालतो, झालं. तीस सेकंदांत सुटका. आता चांगला शिक्षक काय करतो बघा. तो आधी विचारतो, समोरच्याचा हात तुमच्या मानेखाली गेलाय का? गेला असेल तर आधी खांदा सोडवायचा, कंबर नंतर. गळ्याशी लावायचा तो पंजा नव्हे, मनगटाजवळचं हाड, कारण पंजाने ढकललं की कोपर सरळ होतं आणि सरळ झालेलं कोपर म्हणजे आर्मबारला, कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीला, आमंत्रण. मग तो जोडीदाराला सांगतो, ‘आता मला सुटू देऊ नकोस.’ जोडीदार वजन कमरेकडे सरकवतो, गुडघ्याची वाट अडते. शिक्षक तिथे थांबतो आणि म्हणतो, ही वाट बंद झाली, म्हणजे डोक्याकडची उघडली. हे ‘म्हणजे’ ज्या व्हिडिओत आहे तो घ्यावा. तालमीत वस्ताद डाव दाखवतात आणि लगेच तोड दाखवतात. तोड न सांगता शिकवलेला डाव पहिल्याच खडाखडीत उघडा पडतो. व्हिडिओलाही तीच कसोटी लावावी.

आता नावांकडे येऊ, कारण ती टाळणं बरोबर नाही. ग्रेसी मंडळींनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅसेट विकायला सुरुवात केली. मग डीव्हीडी आल्या, आणि आता बीजेजे फॅनॅटिक्ससारख्या संस्थळांवर शेकडो अभ्यासक्रम आहेत. यातलं सगळ्यात वजनदार नाव जॉन डॅनाहर यांचं. न्यूझीलंडमध्ये वाढलेले, कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला न्यूयॉर्कला आलेले आणि तिथे रेन्झो ग्रेसीच्या आखाड्यात रमलेले हे गृहस्थ. २०१८ पासून त्यांच्या पायांच्या पकडींवरच्या व्हिडिओंनी या खेळाचं शिक्षण बदललं. ते डाव सुटा सांगत नाहीत. समोरच्याला जमिनीवर आणा, त्याचे पाय ओलांडा, एकाहून एक वरचढ पकडी घेत जा, मग शरण आणा, अशा साखळीत प्रत्येक डावाची जागा दाखवतात. पण ते बोलतात फार. एका पकडीवर पाऊण तास. सहा महिन्यांचा विद्यार्थी यात बुडतो. दोन-तीन वर्षं घाम गाळलेल्याला तेच ऐकताना आपल्या जुन्या चुकांची कारणं सापडत जातात. मला ते प्रिय आहेत आणि तरीही नवशिक्याच्या हाती मी ते देत नाही.

नवशिक्यासाठी मी ऑस्ट्रेलियाच्या लॅकलन गाइल्सकडे बोट दाखवतो. भौतिकोपचाराचा हा अभ्यासक मोजकं बोलतो, सांध्यावर बळ कुठे येतं ते अचूक सांगतो आणि डाव कुठे चालत नाही हेही सांगतो. त्याचं मॅटवरचं काम सगळ्यांनी बघावं. २०१९ च्या एडीसीसी स्पर्धेत तो ७७ किलो गटाचा खेळाडू असून खुल्या गटात उतरला आणि आपल्यापेक्षा कितीतरी भारी असलेल्या तिघांना, कायनान दुआर्ते, पॅट्रिक गॉडिओ आणि महमद अली यांना, हील हुकने, म्हणजे टाच पिळण्याच्या पकडीने, शरण आणून कांस्यपदक घेतलं. त्या लढती आधी बघा, मग त्याचं शिकवणं बघा. जे तो शिकवतो तेच तो करतो का, हे आपल्या डोळ्यांनी ताडून घेता येतं. प्रत्येक पदकविजेत्याबाबत हे खरं नसतं. कित्येकदा विजेता स्वतः ज्यावर जिंकतो ते त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. म्हणून पदक बघून व्हिडिओ घेऊ नये.

शिकवण्याच्या व्हिडिओंइतकाच, कदाचित जास्तच, मोलाचा खजिना म्हणजे सरावाच्या लढतींचं चित्रण. मार्सेलो गार्सिया या नामवंत खेळाडूने आपल्या रोजच्या सरावाच्या लढती संस्थळावर खुल्या केल्या, प्रतिस्पर्धीही त्या बघणार हे ठाऊक असून. माझा खेळ अभ्यासून जो येईल तो माझ्याच खेळात उतरेल आणि त्या खेळात मी जास्त मुरलेलो आहे, अशी त्याची भूमिका होती. केवढं धाडस आणि केवढी उदारता! त्या लढती आवाज बंद करून बघाव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बघावी. आज फक्त त्याचे पाय. उद्या फक्त त्याचं डोकं कुठे टेकतं ते.

हील हुकचं नाव आलं म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. टाच पिळली की पीळ गुडघ्यात जातो आणि स्नायुबंधांना इजा होईपर्यंत पुरेशी वेदना जाणवेलच असं नाही. म्हणून आयबीजेजेएफ या खेळाच्या महासंघाच्या नियमांत गी, म्हणजे जाड कापडाचा पोशाख, घालून खेळताना हा डाव कोणालाच चालत नाही. गीविना खेळताना २०२१ पासून तो मोकळा झाला तोही फक्त प्रौढ गटातल्या ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना. पांढऱ्या पट्ट्याच्या पोराने तो मोबाइलवर बघून मित्रावर करू नये. पायांच्या पकडींचा कोणताही व्हिडिओ घ्या, पण त्यात सुटका आणि वेळेवर टॅप करणं आधी शिकवलं आहे का, हे आधी तपासा. नसेल तर तो कितीही नामवंताचा असो, बाजूला ठेवा.

बघण्याने शिकल्याचा भास होतो, हा यातला सगळ्यात मोठा धोका. २०१८ मध्ये मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न सांडता खालचा कपडा झटक्यात ओढण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीसदा. वीसदा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटू लागलं. डार्ट फेकण्याच्या प्रयोगात तर आत्मविश्वास वाढला आणि नेम होता तिथेच राहिला. त्यांचाच आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो: हवेत झेलायच्या जड पिना नुसत्या हातात धरायला दिल्या, आणि तेवढ्यानेच बघणाऱ्यांचा फाजील आत्मविश्वास खाली आला. वजन हाताला लागलं की डोकं ताळ्यावर येतं.

म्हणून व्हिडिओतला एकच तुकडा घ्यावा, दहा मिनिटांपेक्षा मोठा नको. तो बघून झाल्यावर मोबाइल बंद करून आपल्या शब्दांत तीन ओळी लिहाव्यात. वर्गाला जरा आधी जाऊन जोडीदाराबरोबर तो करून बघावा, आधी सैल, मग त्याला अडवायला सांगून. आणि नंतर त्याच स्थितीतून लढत सुरू करावी. दोन-तीन आठवडे हेच. त्या काळात दुसरा व्हिडिओ उघडू नये, सवलत जाहीर झाली तरी नको. या संस्थळांवर सवलती वरचेवर येतात. आज हुकली तर पुढे मिळेल. आपल्या प्रशिक्षकालाही विचारावं. तो वर्गात जे शिकवतो आहे त्याला जोडून असलेला व्हिडिओ दुप्पट उपयोगी पडतो, कारण चुकलेलं हाताने दुरुस्त करणारं कोणीतरी तिथे असतं. शिवाय तुम्ही गी घालून शिकता की त्याविना, हे बघूनच घ्या. कॉलर आणि बाहीच्या पकडींवर उभा असलेला अभ्यासक्रम गीविना शिकणाऱ्याला अर्धाही लागू पडत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. जिउ-जित्सूवाल्यांची जुनी कमजोरी म्हणजे उभ्याने लढणं, आणि ती भरून काढायला ते जगभर कुस्तीचे व्हिडिओ घेतात. ते बहुतेक अमेरिकी मल्लांचे असतात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी यांचं त्या तोडीचं शिकवणं मी अजून पाहिलेलं नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या मुलखात ही उणीव राहावी याची मला खंत वाटते. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, चित्रांसह, कॅमेरा खिशात नसलेल्या काळात. आता तर तो खिशात आहे, तेव्हा आपल्या जुन्या वस्तादांच्या डोक्यात आहे ते चित्रित झालं पाहिजे. मैदानातल्या निकाली कुस्त्यांचं चित्रण भरपूर आहे, त्याने हे काम होणार नाही. वस्तादांनी थांबून, पुन्हा करून, मराठीत बोलून दाखवलं पाहिजे. इथे बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या गावात तालीम असेल, तर सुट्टीत जा. वस्तादांची परवानगी घ्या, त्यांच्या नावानिशी चित्रण करा. ढाकेपासून सुरुवात करा: पकड कुठे घ्यायची, पाय कुठे पडतो, समोरचा ती कशी तोडतो आणि तोडल्यावर काय उरतं, एवढं त्यांच्या तोंडून घ्या. दोन तासांचं काम आहे.