माहेरचे घर आणि आयकर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी कराविषयी बोलायला उभी राहिले आहे, कारण आपल्या आळीतल्या तिघींची माहेरची घरे विकली गेली आणि तिघींनीही मला एकच विचारले, "वडिलांचे घर मिळाले, त्यावर कर कसला?"

मिळाले त्यावर नाहीच. आपल्याकडचा मृत्युकर १९८५ साली उठला. कर लागतो तो विकताना, आणि तोही नफ्यावर. एका दलालाने ओळखीच्या बाईंना सांगितले की घर फुकट मिळाले, तेव्हा सगळीच किंमत नफा. साफ खोटे! वडिलांना घर जेवढ्याला पडले तीच आपली किंमत. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असले तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून लिहून घ्यावा.

समजा, वडील २०१९ साली वारले, भावंडे तीन, २००१ चा भाव नऊ लाख, आणि घर २०२५-२६ साली साठ लाखांना गेले. आपला वाटा वीस लाख, त्यातली मूळ किंमत तीन लाख. नफा सतरा लाख. साडेबारा टक्क्यांनी कर २,१२,५०० रुपये. पण घर २३ जुलै २०२४ पूर्वीच आपल्याकडे आलेले असल्याने दुसराही हिशेब करता येतो. महागाईच्या निर्देशांकाने तीन लाखांचे ११,२८,००० होतात. उरलेल्या ८,७२,००० वर वीस टक्के, म्हणजे १,७४,४०० रुपये. कमी असेल तो भरायचा, वर चार टक्के उपकर. ही महागाई वडिलांच्या मालकीपासून मोजायची. बक्षीस मिळालेल्या घराच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली तसा निकाल दिला आहे. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर तेवढी सूट मिळते.

आता खरी गोष्ट. भाऊ प्रेमाने म्हणतो, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर, कराची कटकट तुझ्यामागे नको." सही जरूर करावी, मनात असेल तर करावी, पण कराच्या भीतीने नको. वरच्या हिशेबात कर भरूनही बहिणीच्या हाती अठरा लाखांवर रक्कम राहते. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली यांचे वाटे सारखेच.

आणि "थोडे रोख घ्या" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. पैसे आपल्याच नावच्या खात्यात घ्यावेत, पॅन कार्ड आधीच काढून ठेवावे, आणि माहेरी गेल्यावर जुने खरेदीखत व घरपट्टीच्या पावत्या कोणत्या ट्रंकेत आहेत ते आईला विचारून यावे.